गडबवालीची हाडकी

गडबवाली आमच्या घराशी बोलत नसे. आमच्याबद्दल तिला जे काही बोलायचं असेल ते ती तिच्या म्हशीला सांगे, आणि इतक्या मोठ्यानं सांगे की शब्द न् शब्द आमच्या चुलीपर्यंत पोचावा. "काय गो राधे, काही बायांना आठ वाजले तरी अंगन झाडाय होत नाय. हाताला मेंदी लागली आसंल." राधी शांतपणे रवंथ करत राही. आमची आई चुलीपुढे ओठ चावत बसे. उत्तर द्यायची सोय नव्हती. दिलं असतं तर ते म्हशीशी भांडल्यासारखं झालं असतं.

खांब गावात आमच्या आणि तिच्या घरामध्ये निरगुडीचं एक कुंपण होतं, तेवढंच अंतर. माहेर गडबचं म्हणून सगळे तिला गडबवाली म्हणत. नवरा लग्नानंतर पाच-सहा वर्षांत काविळीनं गेला, मूलबाळ नव्हतं, दीर वेगळा राहत होता. दोन म्हशी, थोडी भातशेती आणि हायवेवरच्या चहाच्या हॉटेलांना घातलेलं दूध, एवढ्यावर तिचं चाले. अंगानं उंच आणि काटकुळी, पायात चप्पल नाही, कपाळावर कायमच्या आठ्या. कुणाच्या बारशाला गेली तरी पोराचं नाक वाकडं आहे असं सांगून यायची. मला ती आवडत नसे. आता इतकी वर्षं झाली तरी आवडत होती असं मी म्हणणार नाही. पण तिच्याबद्दल लिहायचं राहून गेलं, हे मात्र बरं झालं नाही.

दोन घरांतलं वैर मला ठाऊक होतं ते आईनं सांगितलं तसं. मी शाळेत जाऊ लागायच्या आधी कधीतरी राधी दावं तोडून आमच्या वालाच्या शेतात शिरली आणि अर्धा वाल खाऊन गेली. आईनं तिला हाकत नेऊन ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात घातलं. "दुसऱ्याच्या शेतात जनावर शिरलं तर कोंडवाडा, हा कायदाच हाय," आई सांगायची. "त्यात माजं काय चुकलं?" मलाही त्यात काही चूक दिसत नव्हती. एवढ्याशा गोष्टीवरून आठ-आठ वर्षं तोंड फिरवणारी बाई म्हणजे मुळातच खवट, असं माझं पक्कं मत होतं.

मी आठवीत असताना, म्हणजे नव्वद सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट, आमच्या कार्यानुभवाच्या सरांनी वर्गात सांगितलं की फेब्रुवारीत रोह्याला जनावरांचं प्रदर्शन भरणार आहे आणि त्यात शाळकरी मुलांचा वेगळा गट आहे. स्वतः सांभाळलेलं वासरू किंवा रेडकू घेऊन रिंगणात उतरायचं. मी हात वर केला. आमच्या म्हशीला गणपतीच्या सुमारास पारडी झाली होती. हात वर करताना माझ्या डोळ्यांपुढे पारडी नव्हतीच, मैदानातला माईक होता.

दिवाळीत आमची म्हैस बांधावर चरताना साप चावून मेली. पारडी तेव्हा दोन महिन्यांची. बाबा धाटावच्या कंपनीत शिफ्टला. ते येताना गाईचं दूध आणत आणि आई त्यात पाणी घालून बाटलीनं पाजे. चार दिवसांत पारडीला हगवण लागली. मागचे पाय शेणानं माखलेले, डोळे खोल गेलेले. आई म्हणाली, "नाय जगायची ही. जीव नको लावूस."

त्याच दुपारी कुंपणापलीकडून आवाज आला, "राधे, तान्ह्या पारडीला पानी पाजून मारतायत गो. मरूं दे. तेवढंच एक तोंड कमी."

मी उठले आणि कुंपणाच्या फटीतून सरळ तिच्या अंगणात गेले. तेरा वर्षांत पहिल्यांदा. गडबवाली गवताच्या पेंढ्या रचत होती.

"काकी, वाईच दूध द्याल? पारडीला पायजे."

"तुज्या आयशीनं पाठवलं?"

"नाय. तिला ठाऊक नाय."

"मंग उभी ऱ्हा." तिनं हातातली पेंढी नीट लावली, मगच माझ्याकडे बघितलं. "फुकट नाय मिळनार. उद्यापासून उजाडताना यायचं. गोठा काढायचा, शेन बाहेर टाकायचं, म्हशी धुवायच्या. मंग दूध. आनि हे तुज्यासाठी नाय. तुज्या आयशीसाठी तर नायच नाय. पारडीनं माजं कायपन वाईट केलेलं नाय, म्हनून."

संध्याकाळी मी पारडीला ओढत नेलं. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "ही पारडी हाय का सरपनाची मोळी? हाडकी मेली." तेच नाव पडलं.

आईला दुसऱ्याच दिवशी कळलं. "ती बाई आपल्याला पाण्यात बघते आणि तू तिचं शेन काढतेस?" उलथन्याचे दोन फटके माझ्या पिंढऱ्यांवर बसले. बाबा रात्रपाळी करून आले होते आणि त्यांना झोप हवी होती. ते एवढंच म्हणाले, "जाऊं दे तिला. पारडी जगली तर घरात म्हैस होईल." त्यामुळे मी जात राहिले. पण त्या दिवसापासून आई माझ्याशीही कमी बोलायला लागली. मी रोज सकाळी एका न बोलणाऱ्या घरातून दुसऱ्या न बोलणाऱ्या घरात जात होते.

गडबवाली शिकवत नसे. ती फक्त चुका काढी. पहिल्याच सकाळी मी हाडकीचं तोंड कुरवाळायला गेले तर म्हणाली, "तोंड काय बगतेस? लगीन लावायचं हाय का? आधी मागं बग." म्हणजे शेण. रोज उजाडताना मी आधी हाडकीचं शेण बघायचं आणि तिला सांगायचं. एकदा मी "बरं हाय" म्हटलं. ती अशी अंगावर आली की हातातली बादली पडली. "बरं म्हंजे काय? बरं कुनीपन म्हनतं. काय दिसलं ते सांग." मग मी नीट बघून सांगायला शिकले. पातळ आहे, कालच्यापेक्षा घट्ट आहे, पिवळट आहे, आंबूस वास आहे. पंधरा दिवसांत हाडकीची हगवण थांबली आणि मला एक सवय लागली. शाळेत बाईंनी विचारलं, "प्रयोगात काय झालं?" तर बाकीची पोरं पुस्तकातलं सांगत, मी परीक्षानळीत जे दिसलं ते सांगे. बाईंना ते आवडलं. गडबवालीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "शेनात बघून हुशार झालीस, त्यात नाचन्यासारखं काय?"

पुढे दाव्यानं चालवायची वेळ आली. हाडकी पुढे जाईना, मी पुढून ओढे आणि ती चारी पाय रोवून मागे झुके. गडबवाली ओट्यावर बसून हे बघत होती. "तू तिला ओढतेस का ती तुला? पुढं नको होऊस. तिच्या खांद्याला खांदा लाव. तिला वाटलं पायजे ती तुला नेते." तसं केलं तर खरोखर चालली. मग उभं राहणं. प्रदर्शनात जनावर हललं की मार्क गेले, असं सरांनी सांगितलं होतं. गडबवालीनं मला हाडकीबरोबर अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि स्वतः डाळ पाखडत बसली. पाच मिनिटांत माझ्या पायांना मुंग्या आल्या, मी पाय बदलले, हाडकीनंही बदलले. "ती हलत नाय. तू हलतेस," गडबवाली सुपातून डोकं वर न काढता म्हणाली. महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही दोघी अशा उभ्या राहिलो. पोरं रस्त्यावरून हसत जात. मी रडकुंडीला येई. पण जानेवारी संपेपर्यंत मला हलायची गरजच वाटेनाशी झाली.

एकदा हाडकी मरता मरता वाचली आणि ती माझी चूक होती. आमच्या पडवीत तांदळाचा टोप मी उघडा ठेवला आणि तिनं त्यातले तांदूळ पोटभर खाल्ले. दुपारी तिची डावी कूस ढोलासारखी फुगली, श्वास लागला. मी ओरडत कुंपणाकडे पळाले. गडबवाली आली, आमच्या अंगणात. आई दारात उभी होती, तिच्याकडे तिनं बघितलंही नाही. लिंबाची काटकी हाडकीच्या तोंडात आडवी घालून कानांमागे बांधली, म्हणजे तोंड चालत राहावं. वाटीभर तेल पाजलं आणि डावी कूस मुठीनं चोळायला लागली. मी रडत होते.

"रडायचं आसंल तर रस्त्यावर जा," ती म्हणाली. "जनावराला वाटंल आपन मेलोच. चोळ इकडं."

अर्ध्या-पाऊण तासानं हाडकीनं लांबलचक ढेकर दिला. फुगा उतरायला लागला. गडबवालीनं घाम पुसला आणि विचारलं, "तांदूळ कुनी उघडे ठेवले?"

"मांजरानं पाडलं," मी म्हटलं.

"मांजर टोपाचं झाकन काढून बाजूला नीट ठेवतं?"

मी हाडकीची कूस चोळत राहिले.

"पारडी आजारी पडली ते चालंल. तू खोटं बोललीस तर पुढच्या वेळेला मला कळनार कसं काय झालं ते? मंग पारडी मरंल. बोल, कुनी ठेवले?"

"मी."

"हां." बस्स, एवढंच. रागावलीसुद्धा नाही. जाताना फक्त काटकी सोडून सोबत घेऊन गेली.

खोटं तिला खरोखरच सहन होत नसे, आणि यात तिचं नुकसान होई. त्याच हिवाळ्यात गडबकडचा एक माणूस तिची दुसरी म्हैस विकत घ्यायला आला. त्यानं बसून चहा घेतला आणि म्हैस कशी आहे म्हणून विचारलं. गडबवालीनं सुरुवात केली. "लाथ मारते. पावसात दूध कमी देते. उजव्या डोळ्यानं कमी दिसतंय. परक्या माणसाला धार काढू देत नाय." तो माणूस कप ठेवून निघून गेला. मी म्हटलं, "काकी, एखादा गुन तरी सांगायचा." ती म्हणाली, "गुन त्याला धार काढताना दिसले आसते. खोड मी नाय सांगितली तर कोन सांगनार?" ती म्हैस पुढे सहा महिने विकली गेली नाही.

फेब्रुवारी लागला तेव्हा ती मला धार काढायला बसवू लागली. राधीच्या कासेला हात लावला तेव्हा लक्षात आलं की एक सड आटलेला आहे. वाळक्या चामड्यासारखा, थंड. बाकी तिन्हींतून दूध येई.

"काकी, या सडाला काय झालं?"

तिचा हात राधीच्या पाठीवर थांबला. "तुज्या आयशीला विचार."

मी विचारलं. आई भाकरी थापत होती. तिनं थापायचं थांबवलं नाही. मग तव्यावर भाकरी टाकून म्हणाली, "कोंडवाड्यात दोन दिवस राहिली. धार काढायला कोन नव्हतं. कास सुजली."

"का नव्हतं? काकी गेल्या असत्या ना."

"ती गडबला गेली होती, भावाकडं लग्नाला." तव्यावरची भाकरी करपत होती. "मला ठाऊक होतं ती घरी नाय ते. म्हनून तर त्या दिवशी घातली."

त्यानंतर आई उठून मोरीकडे गेली. भाकरी मीच उलटली. तोवर एक बाजू काळी झाली होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी खांबहून टेम्पो निघाला. गावातले दोन बैल, एक गाय आणि आमची हाडकी. हाडकी फळीवर पाय ठेवीना. ढकललं, ओढलं, काही उपयोग नाही. शेवटी गडबवाली आपल्या अंगणातून आली, फळीवरून स्वतः वर चढली आणि हाडकी तिच्यामागे गेली. मग उतरलीच नाही. "उतरवताना परत नाटक करंल," म्हणाली आणि एका गोणपाटावर बसून राहिली. आई बाबांबरोबर एसटीनं आली, तिची ठेवणीतली साडी नेसून.

रोह्याच्या त्या मैदानात मंडप, कर्णे, शिंगं रंगवलेले बैल, गळ्यात घुंगरं. मला सगळं मोठं वाटत होतं. मुलांच्या गटात आम्ही आठ जण होतो. गोलात चालायचं, सांगितल्यावर थांबायचं. एका मुलाचं वासरू दावं सोडवून मंडपात घुसलं, एकाचं आडवंच झालं. हाडकी माझ्या खांद्याला खांदा लावून चालली आणि थांबवल्यावर थांबली. आम्ही दोघी हललो नाही. परीक्षक गुरांचे डॉक्टर होते, चष्मा लावलेले, बाहेरगावचे. त्यांनी हाडकीच्या पापण्या उलट्या करून बघितल्या, पोटावर हात फिरवला, विचारलं, "जंताचं औषध कधी दिलं? शेण कसं असतं?" मी सगळं सांगितलं, रंग, वास, घट्टपणा, सगळं. ते हसले. निवेदक माईक घेऊन शेजारी आला होता. "नाव काय पारडीचं?" "हाडकी." लोक खळखळून हसले, कारण हाडकी तेव्हा तुकतुकीत काळीभोर आणि गोल होती.

"वा. आणि एवढं सगळं तुला कोणी शिकवलं?"

माईक माझ्या तोंडापुढे होता. समोर दोरीच्या पलीकडे आई उभी होती. तीन महिन्यांत तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. आणि लांब, टेम्पोच्या सावलीत, गडबवाली गोणपाट झटकत होती.

"आईनं," मी म्हटलं.

कर्ण्यांतून तो शब्द सगळ्या मैदानात गेला. टाळ्या वाजल्या. आईचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. तिला आनंद झाला आणि लाजही वाटली, असं काहीतरी. मी टेम्पोकडे बघितलं. गडबवालीनं गोणपाट घडी करून फळीवर ठेवलं आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागली. तिनं पाठीमागे बघितलं नाही.

मला पहिला नंबर मिळाला. स्टीलची बादली आणि एक प्रमाणपत्र.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी गेले तर कुंपणातली फट करवंदीच्या काट्यांनी बुजवली होती. मी हाका मारल्या. आतून दुधाच्या धारांचा आवाज येत होता, पण ओ आली नाही. मग मी बक्षिसाची बादली तिच्या पुढच्या दारात ठेवून आले. ती तिचीच होती, असं मला वाटत होतं. संध्याकाळी बादली आमच्या ओट्यावर परत आली होती, काठोकाठ ताज्या शेणानं भरलेली. आई भडकली. मी बादली नेली, शेण खड्ड्यात ओतलं, घासली. घासताना मला रडू आलं नाही. राग आला, तिचा, आईचा आणि माझाही, पण माझा सगळ्यात शेवटी.

माफी मागायला मी दोन-तीनदा तिच्या वाटेत उभी राहिले. एकदा हायवेच्या कडेला, ती दुधाचे कॅन घेऊन येत होती. "काकी, चुकलं माझं." ती थांबली. "मला सांगून काय करू? मला ठाऊकच हाय. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना सांग." आणि गेली. मी कोणालाही सांगितलं नाही. मला वाटलं, एवढं काय त्यात. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं होतं, आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती.

त्यानंतर साडेतीन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. माझं नाव राधीला सांगण्यातही आता तिला रस नव्हता, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. हाडकी मी एकटीनं वाढवली. तिची म्हैस झाली, मोठी, शांत. मी बारावीत असताना ती विणीला आली. सकाळपासून कळा देत होती आणि दुपारपर्यंत एकच पाय बाहेर आला होता. गुरांचे डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले, बाबा कंपनीत. हाडकी आडवी पडली आणि मान टाकली.

आई उठली. कुंपणापाशी गेली. काटे अजून होतेच. ती काट्यांच्या पलीकडे बघून म्हणाली, "वहिनी, येता का? म्हैस अडलीय."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग गडबवाली रस्त्यानं वळसा घालून आली. आईकडे न बघता हाडकीजवळ बसली. तिच्या हाताची बोटं वाकडी झाली होती, सांधे सुजलेले. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"माजी बोटं वळत नाय आता," ती मला म्हणाली. साडेतीन वर्षांनी. "तूच घाल हात. तेल लाव कोपरापर्यंत."

मी घातला. आत गरम आणि घट्ट. हाडकीच्या प्रत्येक कळेला माझा हात चिरडल्यासारखा होई.

"काय लागतं?"

"पाय लागतोय. बाहेर आलाय तोच."

"दुसरा?"

"गुडघा... मागं मुडपलाय. खूर आत आहे."

"खूर तळहातात धर, झाकून धर, नायतर आतून फाटंल. कळ थांबली की आत ढकल, मंग खूर पुढं आन. घाई केलीस तर दोघं जातील."

मला वाटतं एक तास लागला असेल. आई हाडकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी खूर माझ्या तळहातात पुढे सरकला, मग दोन्ही पाय, मग नाक. आम्ही तिघींनी मिळून ओढलं. ओलं, काळं, हलणारं ते भाताच्या पेंढ्यावर पडलं. गडबवालीनं त्याच्या नाकातला चिकटा काढला, उचलून बघितलं आणि म्हणाली, "रेडा हाय. एवढी मेहनत रेड्यासाठी."

आईनं तिच्या हातावर पाणी घातलं. गडबवालीनं घालू दिलं. आई म्हणाली, "चहा ठेवते, वहिनी. बसा."

गडबवालीनं पदराला हात पुसले. "चहा नको," ती म्हणाली. "माज्या राधीचा सड परत दे."

आई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. गडबवाली आली तशी रस्त्यानं वळसा घालून गेली. मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी कुंपणातले काटे निघालेले असतील. निघाले नव्हते.

पुढच्याच वर्षी तिचे गुडघे गेले आणि भाऊ तिला गडबला न्यायला आला. राधी म्हातारी झाली होती, तिला विकायला ती तयार नव्हती, म्हणून टेम्पोत राधीच आधी चढली. मी दावं धरायला पुढे झाले. गडबवाली म्हणाली, "दूर हो." मी दूर झाले. आई दारात उभी होती. टेम्पो हायवेला लागला आणि पेणच्या बाजूला वळला. माझ्याकडे किंवा आमच्या घराकडे तिनं एकदाही बघितलं नाही. असा निरोप मी कोणाचाच पाहिला नाही, आधी नाही आणि नंतरही नाही.

दोन-एक वर्षांनी ती वारल्याचं बाबांना एसटीत कळलं. मी तेव्हा पेणला एका वकिलांकडे टायपिंग करत होते. बाराव्याला मी गडबला जायचं ठरवलं. आईला विचारलं, "येतेस?" ती म्हणाली, "तू जा. माज्यानं तिथं उभं राहवनार नाय."

त्यांचं घर खाडीच्या बाजूला होतं. तिचा भाऊ आयुष्यभर मिठागरावर काम केलेला, पायांच्या टाचा पांढऱ्या पडलेल्या. अंगणात पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. मी कुठून आले म्हणून विचारल्यावर "खांबची" एवढंच सांगितलं. तिची भाची, तिशीतली, पानं वाढत होती. ती थांबली.

"खांबची? ती पारडीवाली तू का?"

मी मान हलवली. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

"आत्या बोलायची तुझ्याबद्दल."

"काय बोलायची?"

भाचीनं जरा आजूबाजूला बघितलं. ती तिच्याच आत्याची भाची होती, तिलाही लपवता येत नसावं. "बोलायची, खोटारडी हाय. पन हात चांगला हाय. आमची म्हैस अडली ना गेल्या साली, तवा बोलली, आज ती खोटारडी पायजे होती."

बायका हसल्या. माझ्या पानात भाचीनं भात वाढला. मी भाताला हात लावला नाही. रोह्याच्या मैदानातली ती माणसं आता कुठं कुठं असतील, ते परीक्षक, तो माईकवाला, त्या टाळ्या वाजवणाऱ्या बायका, त्यांच्यातलं कोणीही मला आता सापडणार नव्हतं. इथं या पंधरा-वीस जणी होत्या, ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

"ती पारडी मी नव्हती वाढवली," मी म्हटलं. "माझ्या आईनंही नाही. काकींनी वाढवली. मला सगळं त्यांनीच शिकवलं आणि मी सगळ्यांसमोर दुसरं नाव सांगितलं."

भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी पुढे वाकली.

"कुठली पारडी गो?"

मी पान बाजूला सारलं, तिच्याजवळ जाऊन बसले आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.